लीनता आणि लाचारी

पाठ : योहान 13:1–17



लीनतेचा उपदेश ऐकला म्हणजे बारामती व इंदापूर या तालुक्यांतील आमच्या पुष्कळ मंडळींच्या मनात एक शंका उभी राहते. ज्यांच्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या वाड्यापुढे दूर उभे राहून जोहार घातला, त्यांस आणखी नम्र व्हा असे सांगणे म्हणजे वाकलेल्या पाठीवर दुसरे ओझे ठेवणे नव्हे काय? ही शंका रास्त आहे. म्हणून लीनता कोणती व लाचारी कोणती, याचा निवाडा आपण शास्त्रावरून करू.

आपल्या प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, हे आपणांस ठाऊक आहे. परंतु त्यापूर्वी योहान काय सांगतो तेही पाहा. आपण पित्यापासून आलो, त्याच्याकडेच जाणार, व सर्व अधिकार आपल्या हाती आहे, हे जाणूनच प्रभु भोजनावरून उठला आणि त्याने कमरेस रुमाल बांधला. ज्यास आपली योग्यता ठाऊक होती तोच खाली वाकला. लाचार मनुष्य भयाने वाकतो, आणि आपणांहून दुबळा भेटला की त्याच्यापुढे ताठ होतो. लीन मनुष्य प्रीतीने वाकतो, आणि ज्याच्यापासून काही मिळावयाचे नाही त्याचीही सेवा करितो.

पौलाचे उदाहरण घ्या. फिलिप्पै येथे त्यास चौकशीवाचून फटके मारून तुरुंगात घातले. पुढे अधिकाऱ्यांनी त्यास गुपचूप जावयास सांगितले, तेव्हा त्याने ते नाकारिले, त्यांनी स्वतः येऊन आपणांस बाहेर न्यावे असे तो म्हणाला (प्रे. कृत्ये 16). त्याच पौलाने त्याच गावच्या मंडळीस ख्रिस्ताच्या लीनतेविषयी पत्र लिहिले. यावरून अन्याय मुकाट्याने सोसणे म्हणजे लीनता नव्हे, हे उघड होते. अस्पृश्यता 1950 साली अमलात आलेल्या राज्यघटनेने बंद केली आणि महारकीची वतने 1958 च्या कायद्याने रद्द झाली, याबद्दल आपण देवाचे आभार मानावे व कोणापुढेही माणुसकी गहाण ठेवू नये.

परंतु कायद्याने वतन जाते. मनातील उंचनीच जात नाही. पूर्वी महार म्हटलेल्या कुळातील ख्रिस्ती मनुष्य पूर्वी मांग म्हटलेल्या कुळातील ख्रिस्ती बंधूच्या घरचे पाणी घेण्यास कचरत असेल, तर जो जोहार आपण टाकिला तोच आपण दुसऱ्याकडून मागत आहो. मग प्रभुभोजनात एकाच भाकरीचे वाटेकरी कसे व्हावे?

आमच्याच जिल्ह्यात केडगाव येथे पंडिता रमाबाई राहत असत. त्यांस 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. अशा विदुषीने दुष्काळात सापडलेल्या मुलींस पोटाशी धरिले. खेड्यातील अशिक्षित बायांस शास्त्र समजावे म्हणून इब्री व ग्रीक भाषा शिकून, सोप्या मराठीत भाषांतर करण्यात त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे वेचिली. ते काम संपवून 1922 साली त्या प्रभूकडे गेल्या. विद्येचा त्यांनी त्याग केला नाही. तिला सेवेस लाविले.

आपणांस रोज शिकविणारी एक गोष्ट दाराशीच आहे. भाटघरच्या धरणाचे पाणी नीरा डाव्या कालव्याने बारामतीवरून इंदापूरकडे येते. चारीच्या तोंडाशी ज्याचे रान आहे त्याने आपले वाफे भिजल्यावरही दारे मोडली नाहीत, तर शेवटच्या शेतकऱ्याचे पीक वाळते. रात्रीच्या पाळीस, कोणी पाहत नसता, आपले भिजताच पाणी पुढे सोडणे हीच लीनता होय. आपणांस पाणी आधी मिळाले ते रान वरच्या बाजूस आहे म्हणून, हे लीन मनुष्य जाणतो.

उपदेशक बंधूंनो, लोक आपणांसाठी सतरंजी अंथरतात व पहिले ताट वाढितात. खुरपणीहून थकून आलेल्या, अक्षर न येणाऱ्या म्हातारीची प्रार्थना आपण शिकणाऱ्याच्या मनाने ऐकितो काय? तिने आपली चूक दाखविली तर आपणांस राग येतो काय? घरधनी हो, पत्नी आजारी असता तिची घागर उचलण्यास लाज वाटते काय? ज्या ठिकाणी लाज वाटते त्याच ठिकाणी प्रभूचा रुमाल आपली वाट पाहत आहे.

तर येत्या प्रभुभोजनापूर्वी प्रत्येकाने ज्याच्या घरचे पाणी आजवर घेतले नाही त्याच्या उंबऱ्यावर जावे, बसावे, आणि पाणी मागून प्यावे. ज्याने आमचे पाय धुण्यास कमीपणा मानिला नाही तो प्रभु आम्हां सर्वांस ही कृपा देवो. आमेन.