जुन्या यंत्राचा धनी

वस्तू जुनी केव्हा झाली म्हणावयाची, आणि तसे म्हणण्याचा अधिकार कोणाचा? हा प्रश्न आम्हांस कोणत्या ग्रंथाने घातला नाही. आमच्या कचेरीतील संगणकाने घातला. 2016 साली घेतलेले हे यंत्र म्हापशाच्या नऊ-दहा पावसाळ्यांची ओल पचवून आजही बिनतक्रार चालते. दाव्याचा मसुदा असो की विक्रीखत, ते आमच्या विचारापेक्षा संथ असे कधीच नव्हते. (ही त्याची स्तुती की आमची निंदा, हे वाचकांनी ठरवावे.)

या यंत्राची कार्यप्रणाली विंडोज 10. ती 29 जुलै 2015 रोजी निघाली आणि 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने तिचा नेहमीचा सांभाळ थांबविला. म्हणजे यंत्र बंद पडले असे नव्हे. तिच्यात नव्याने सापडणाऱ्या छिद्रांना ठिगळे मिळेनाशी झाली. व्यक्तिगत वापर करणाऱ्यांसाठी 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतची सोय जाहीर झाली. पण तारीख पुढे पडली म्हणजे दावा निकाली निघाला असे होत नाही, हे आम्हां वकिलांइतके कोणास ठाऊक?

विंडोज 11 ला 4 जीबी स्मृती आणि 64 जीबी साठवण पुरते. आमच्या यंत्रात दोन्ही त्याहून अधिक आहेत. अडले ते निराळ्याच जागी. गुप्त किल्ल्या वेगळ्या पेटीत जपावी तशी जपणारी टीपीएम 2.0 नावाची व्यवस्था, आणि सामान्यतः इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर, अशी ती अट. आमचा प्रोसेसर सहाव्या पिढीतला. सुरक्षितता यंत्राच्या अंगातच असावी, वरून चिकटविलेली नसावी, असे या अटीमागचे कारण सांगितले जाते, आणि ते खोटे नाही. तथापि ज्याचे काम अडलेले नाही त्यास एका अटीने निकामी ठरवावे, हे मनास लागते खरे.

मग आमच्यातील वकील जागा झाला. यंत्र आमचे, पैसे मोजून घेतलेले. पण त्यातील प्रणाली? बाजारात तयार मिळणारी संगणकप्रणाली हा विक्रीकराच्या दृष्टीने 'माल' होय, असे सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली टाटा कन्सल्टन्सी आणि आंध्र प्रदेश राज्य यांच्यातील प्रकरणात ठरविले. उलट, प्रणालीबरोबर येणारा करार, जो वाचल्यावाचून आम्ही 'मान्य' म्हटले, सांगतो की तुम्हांस विकलेले काही नाही, केवळ वापरण्याचा परवाना दिला आहे. अशिलाने न वाचता सही केली तर आम्ही त्यास चार शब्द सुनावतो. येथे स्वतःस काय सुनवावे? घर आमचे, पण त्याचा उंबरा दुसऱ्याचा, अशी ही विचित्र मालकी आहे.

आमच्या कचेरीतील तरुण वकिलाने सोपी वाट दाखविली. "सर, तपासणी चुकवून नवी प्रणाली बसवता येते. चालतेही व्यवस्थित. कोण बघायला येतोय?" कोणी येणार नाही, हे आम्हांसही ठाऊक होते. परंतु अशा रीतीने बसविलेल्या प्रणालीस पुढची ठिगळे मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. ज्या सुरक्षिततेसाठी बदल करावयाचा, तिचीच हमी सोडून केवळ नवे नाव पदरात पाडून घ्यावयाचे, यात आम्ही फसविणार होतो ते कंपनीस कमी आणि स्वतःस अधिक.

दुसरी वाट लिनक्सची. 1991 पासून वाढत आलेली ही प्रणाली कोणीही वापरावी, तपासावी, बदलावी, दुसऱ्यास द्यावी. यंत्र जुने की नवे याचा निवाडा बहुतांशी धन्याच्याच हाती राहतो. तत्त्व म्हणून आम्हांस हीच वाट पटते. पण कचेरीत टंकलेखन करणारे गृहस्थ साठीला आलेले. त्यांची बोटे एका सवयीत रुळलेली. आमच्या तत्त्वाची किंमत त्यांच्या बोटांनी मोजावी हे काही ठीक दिसेना. घरच्या संगणकावर मात्र आम्ही ती बसविली आहे.

याच घोळात असताना बार्देशातील एक वृद्ध विधवा अशील इन्व्हेंटरीच्या कामासाठी आली. उठताना म्हणाली, "वकीलबाब, कागद तुमगेर आसात न्हय? मागीर म्हाका हुस्को ना." तिच्या मनात लोखंडी कपाट होते. वस्तुतः तिच्या घरातील वाटण्या, कर्जे, मुलांमधील बेबनाव, सारे त्या जुन्या यंत्रात होते. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 132 अन्वये अशिलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या स्पष्ट संमतीवाचून वकिलास उघड करता येत नाही. ते कलम बोलण्याविषयी आहे, हे खरे; पण दार सताड उघडे टाकून निजलेल्याने 'मी कोठे काही बोललो?' असे म्हणावे, याला काय अर्थ? स्वतःच्या वस्तूसंबंधाने धोका पत्करण्याचा हक्क आमचा होता. त्या बाईच्या वाट्याचा धोका पत्करण्याचा नव्हता. इतके दिवस आम्ही मालकीवर विचार करीत बसलो होतो, आणि मालकीचा तेथे संबंधच थोडा होता.

म्हणून नवे यंत्र घेतले. चांगले चालणारे जुने असताना घेतले, याची बोचणी आहेच. तो खर्च आणि तो कचरा कोणाच्या खाती मांडावा, याचे उत्तर आम्हांस अद्याप सापडलेले नाही. जुने मात्र भंगारात दिले नाही. त्यात आधीच्या संगणकांवरून आणलेले पुष्कळ मराठी मसुदे आहेत, युनिकोडपूर्वीच्या फॉन्टांत टंकलेले. तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग उमटते. घरी पणजोबांचे मोडीतील दप्तर आहे; कागद शाबूत, वाचणारा नाही. तसे आणखी एक दप्तर आपल्या हातून निर्माण होऊ नये, एवढीच धडपड.

आता अशिलांचे चालू कागद पुसून, इंटरनेटची तार काढून, ते यंत्र कोपऱ्यातील मेजावर ठेवले आहे. आमचे टंकलेखक दुपारी तासभर त्यापुढे बसून एकेक मसुदा युनिकोडमध्ये उतरवितात. जोडाक्षरे बिघडतात, ती हाताने सुधारावी लागतात. परवापर्यंत एकशेचाळीस झाले; अजून बरेच आहेत.