मित्राकडून घेणे

विद्यार्थिदशेत एका खोलीत राहिलेल्यांचे नाते मोठे विलक्षण असते. ते रक्ताचे नव्हे, व्यवहाराचेही नव्हे. एकाच दिव्याखाली अभ्यास, एकाच दोरीवर वाळणारे कपडे, आणि महिनाअखेरीस ज्याच्या खिशात चार रुपये उरतील ते सर्वांचे. पुढे प्रत्येकाचे प्रारब्ध त्याला आपापल्या वाटेने नेते. तीस वर्षांनी पुन्हा भेट होते, तेव्हा स्नेह तोच असतो. परंतु भेटणारी माणसे समान राहिलेली नसतात. अशा भेटीत धर्म कोणता?

काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात शिकलेले तीन मित्र शनिवार-रविवार गाठून काशीतच भेटले. एक पाटण्याचा, मोठा कंत्राटदार झालेला. दुसरा हैदराबादेस एका कचेरीत होता. तिसरा विदर्भातील एका खेड्यात शाळामास्तर. मास्तरांच्या मनात मुलीच्या शिक्षणासाठी थोडे कर्ज मागावे असे होते, आणि पिशवीत घरच्या मेतकुटाचा डबा होता. त्या डब्याला इतिहास होता. वसतिगृहात पहिल्या वर्षी मेतकूट आले, तेव्हा पाटणेकर मित्राने ते सत्तू समजून पाण्यात कालविले होते. पुढे मात्र त्याच्यावाचून त्याला भात जाईना.

स्थानकावरच कंत्राटदारांनी सांगून टाकले, "दोन दिवस कोणी खिशात हात घालायचा नाही." गंगेकाठचे उत्तम हॉटेल, होडी, भोजन, सर्व त्यांचे. मास्तरांनी डबा पुढे केला, तेव्हा ते हसून म्हणाले, "अरे, हे कशाला आणलेस? इथे काय कमी आहे?" डबा पुन्हा पिशवीत गेला. त्यांच्या बोलण्यात तुच्छता नव्हती, उलट प्रेमच होते. तरीही त्या क्षणापासून मास्तर अबोल झाले, आणि कर्जाची गोष्ट त्यांच्या ओठावर येईना.

महाभारताच्या आदिपर्वात अशाच दोन सहाध्यायांची कथा आहे. द्रोण आणि द्रुपद भरद्वाजांच्या आश्रमात एकत्र खेळले, एकत्र शिकले. द्रुपद राजा झाला. द्रोणाच्या घरी मुलाला दूध मिळेना. द्रोण पांचालांच्या राजसभेत जाऊन उभा राहिला व आपण मित्र असल्याचे म्हणाला. राजा आणि दरिद्री यांचे सख्य संभवत नाही, काळाबरोबर सख्यही जीर्ण होते, असे द्रुपदाने त्याला ऐकविले. द्रुपदाचा अपराध उघड आहे. परंतु द्रोणाकडेही पाहिले पाहिजे. राज्य मिळाल्यावर ते तुझ्याही उपभोगाचे होईल, असे लहानपणी द्रुपद बोलला होता, हे द्रोणाने पुढे भीष्मांना सांगितले. बालपणीचे ते बोलणे त्याने जणू ऋणपत्र म्हणून जपून ठेवले होते. शिष्यांकरवी द्रुपदाला बांधून आणून त्याने अर्धे पांचाल राज्य घेतले आणि आता आपण समान झालो, म्हणून मित्र झालो, असे म्हटले. अशी समानता काय कामाची? भारतीय युद्धात द्रुपद द्रोणाच्या हातून पडला आणि द्रोण द्रुपदाच्या पुत्राच्या हातून.

मैत्रीचे ऋण चमत्कारिक असते. ज्याच्यावर आहे त्याने ते मानलेच पाहिजे. ज्याचे आहे त्याने ते मागू नये. मग गाडे चालावे कसे?

येथे भागवताचा दशम स्कंध मदतीस येतो. सांदीपनींच्या आश्रमातील श्रीकृष्णाचा सहाध्यायी, ज्याला आपण सुदामा म्हणतो (मूळ कथेत त्याचे नावच नाही, तो केवळ 'ब्राह्मण' आहे), द्वारकेस गेला. त्याच्या पत्नीने शेजारी मागून आणलेले चार मुठी पोहे एका फाटक्या वस्त्रात बांधलेले होते. देवाने त्याचे पाय धुतले, गुरुगृहातील पावसाळी रात्रीची, सरपणासाठी रानात चुकल्याची आठवण काढली. हे सर्व सर्वांना ठाऊक असते. पण पुढला क्रम लक्षात घ्यावा. देवाने काय हवे असे विचारले नाही. माझ्यासाठी घरून काय आणलेस, असे विचारले. ब्राह्मण लाजेने मान खाली घालून बसला, तेव्हा पुरचुंडी स्वतः ओढून घेतली. आणि याच प्रसंगी भागवतकारांनी गीतेच्या नवव्या अध्यायातील तो प्रसिद्ध श्लोक जसाच्या तसा ठेवला आहे. भक्ताचे पान, फूल, फळ, पाणी मी सेवन करतो, असे भगवान तेथे म्हणतात. त्या श्लोकात देण्याचा शब्द भक्ताकडे आहे, भगवंताकडे केवळ खाण्याचा.

द्वारकाधीशाला पोह्यांची गरज नव्हती. गरज होती ती त्या ब्राह्मणाला, आपल्याजवळही देण्यासारखे काही आहे हे जाणवण्याची. ज्याच्याकडून काहीच घेतले जात नाही तो पाहुणा होतो, फार तर याचक होतो; मित्र राहत नाही. द्रुपदाने मित्राला काही दिले नाही. कंत्राटदारांनी दोन्ही हातांनी दिले. पण घेण्याचे दोघांनाही सुचले नाही, आणि या एका बाबतीत तो उदार गृहस्थ त्या गर्विष्ठ राजाच्या पंक्तीस जाऊन बसला होता.

रविवारी रात्री जेवणाची ताटे आली. कंत्राटदारांनी दोन घास घेतले आणि ताट सरकवून ठेवले. दोन दिवसांच्या तळकट पदार्थांनी त्यांचे पोट बिघडले होते. त्यांनी साधा भात मागविला. भात आल्यावर थोडा वेळ ते त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तो डबा कुठे आहे रे?"

मास्तर उठले. तूप मागविले गेले. हैदराबादच्या मित्राने वाटी पुढे केली आणि कंत्राटदारांना बजावले, "या खेपेस पाण्यात कालवू नकोस." तिघांनी भाताची परात रिकामी केली. उरलेले मेतकूट कंत्राटदारांनी डब्यासकट आपल्या बॅगेत घातले. मास्तरांना विचारलेसुद्धा नाही.

पहाटे अस्सी घाटाच्या पायऱ्यांवर मास्तरांनी मुलीची गोष्ट स्वतःच काढली. किती रुपये ठरले, ते तिघांना ठाऊक आहे.