उसाच्या फडातील छोटे मुसाफिर

मुलांचा प्रवास म्हटला की नानीचे गाव आणि उन्हाळ्याची सुट्टी आठवते. परंतु मराठवाड्यातील हजारो मुलांचा प्रवास दसरा-दिवाळीनंतर, शाळा ऐन भरात असताना सुरू होतो. अंबड तालुक्यातील अंकुशनगरला समर्थ सहकारी साखर कारखाना आहे. जायकवाडीच्या डाव्या कालव्याने या पट्ट्यात ऊस आणला आणि उसामागून कोयता आला. याच जालना जिल्ह्यातील मंठा-परतूरकडची कोरडवाहू कुटुंबे ऊस तोडायला दूर पश्चिम महाराष्ट्रात जातात. म्हणजे आमचा जिल्हा मुलांना धाडतोही आणि बाहेरची मुले ठेवूनही घेतो.

नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या हिशेबात मूल कुठेच नाही. तरी ट्रॉलीत भांड्याकुंड्यांशेजारी ते असतेच. पहाटेच्या थंडीत ते फडाच्या कडेला निजते आणि सात-आठ वर्षांची बहीण त्याची आई होते.

असे मूल सोबत नेणे योग्य काय? सुशिक्षित मंडळी चटकन म्हणतात, "या लोकांना तालीमची कदरच नाही." पण मूल ठेवायचे कोणापाशी? थकलेल्या दादीपाशी? तान्हे तर ठेवताच येत नाही. वयात येणारी मुलगी मागे ठेवायची धास्ती वाटते, म्हणून तिचे लग्न घाईने उरकले जाते. मुकादमाकडून उचल पावसाळ्यातच घेतलेली असते आणि दवाखान्यात किंवा जुन्या कर्जात ती संपलेलीही असते. मग जायचे की नाही, हा प्रश्नच उरत नाही. दोन्ही वाटा नुकसानीच्या असताना वाट निवडणाऱ्याला दोष देणे हा इन्साफ नव्हे.

तरीही 'मजबुरी' म्हणून विषय मिटवता येत नाही. मजबुरीने आई-बापाचा दोष कमी होतो, मुलाचे नुकसान कमी होत नाही. मूल ही अमानत आहे. आई-बापाला ती सांभाळणे अशक्य झाले, तर ती जबाबदारी नाहीशी होत नाही. ती इतरांवर येते.

आपल्या दीनमध्ये मुसाफिराचा फार विचार आहे. त्याची चार रकअतींची फर्ज नमाज दोन रकअतींची होते, रोजा पुढे ठेवता येतो, जकातीच्या आठ हकदारांत त्याचा हिस्सा आहे. त्याचे फर्ज माफ होत नाही, ओझे हलके होते. बाळाचे रडणे ऐकून पैगंबर साहेब (स.) नमाज आटोपती घेत, कारण आईच्या जिवाची घालमेल ते जाणत. आणि हजमधील सई कशाची आठवण आहे? तान्ह्या इस्माईलसाठी पाणी शोधत धावणाऱ्या हजरत हाजरांची. मूल घेऊन वाळवंटात का आलीस, असे त्यांना कोणी विचारत नाही. लाखो हाजी त्यांच्या पावलांवर चालतात. फडातल्या आईला मात्र आपण पहिला प्रश्न तोच विचारतो.

शाळेनेही मुसाफिराचे ओझे हलके केले पाहिजे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने 6 ते 14 वर्षांच्या मुलाला हक्क दिला आहे. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे आली, 2021 मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली. परंतु सहा वर्षांखालील मूल या हक्काबाहेर राहते. त्याला फडाजवळ पाळणाघरच हवे. उर्दू माध्यमाचे मूल हंगामात मराठी शाळेत बसले, तर परत येईपर्यंत दोन्ही लिप्यांत मागे पडते. तेव्हा आम्हा शिक्षकांनी हंगामाच्या मध्यात आलेल्या मुलाला 'तू इथला नाहीस' असे न म्हणता जवळ बसवावे, आणि परतलेल्याला मागचे शिकवून पुढे न्यावे.

हा केवळ कारखान्याचा किंवा सरकारचा मामला नाही. ईदच्या शीरखुर्म्यात साखर घालणारे आपण सारेच या सफरीत सामील आहोत. आपल्या गावाजवळ टोळीच्या खोपी पडल्या, तर तिथे किती मुले आहेत, त्यांतली किती शाळेत जातात, एवढे तरी जाऊन विचारावे. कोणत्या जातीची, कोणत्या मजहबची, हे विचारण्याची गरज नाही. मुसाफिर एवढी ओळख पुरे आहे.