फाटलेला ढग (गीता, अध्याय ६, श्लोक ३७ ते ४३)



आजच्या श्लोकांत अर्जुन अगदी आपला प्रश्न विचारतो. श्रद्धा आहे, पण प्रयत्न कमी पडला आणि योग अर्ध्यातच सुटला, तर? इकडचंही गेलं, तिकडचंही नाही. असा माणूस फाटलेल्या ढगासारखा विरून जातो का?

मला हा ढग दिसला राजगडावर. सिंहगड-राजगड-तोरणा ट्रेल अल्ट्रा, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरच्या मॅरेथॉनहून लांब, आणि तीही घसाऱ्यातून. ऑक्टोबरचं ऊन, वाळत चाललेलं गवत, मध्येच सोनकीची पिवळी फुलं. संजीवनी माचीवर कट-ऑफची वेळ उलटली आणि मला थांबवलं. समोर तोरण्याची बुधला माची स्पष्ट दिसत होती. तिच्यावर शरदातला एकच ढग, कडेने उसवत चाललेला. आठ महिन्यांचे रविवार गेले, घरच्यांची बोलणी खाल्ली, आणि मेडलही नाही!

कृष्णाचं उत्तर बघा. 'जिद्द सोडू नकोस' वगैरे तो म्हणत नाही (ते पोस्टरवाले म्हणतात). तो अर्जुनाला 'तात' म्हणतो, म्हणजे बाळा. आणि सांगतो, चांगलं करणाऱ्याची दुर्गती होत नाही. पुढच्या जन्मी त्याला आधीची बुद्धी परत मिळते आणि तो तिथून पुढे निघतो. शून्यापासून नाही, तिथून. चार दिवस जप चुकला म्हणून माळ कपाटात ठेवून दिलेल्यांनी हे सावकाश वाचावं.

सातही श्लोक आज मोठ्याने म्हणा. मी उद्या पहाटे सिंहगडाच्या पायवाटेवर आहे. येणार असाल तर टॉर्च आणा.