चेहऱ्याचा खरा रंग कोणता?

मेकअप म्हणजे खरा चेहरा झाकणे, ही नैतिक तक्रार फार जुनी आहे. प्रत्येक चेहऱ्याला स्वतःचा एक पक्का रंग असतो, हे तिने धरूनच चाललेले असते. मला हे गृहीतच टिकणारे वाटत नाही. पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात रंगाई पाहणारे रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्ह्रल यांच्याकडे तिथला काळा रंग फिका दिसतो अशी तक्रार आली. तपासाअंती दोष काळ्या रंगात नव्हे, त्याच्या शेजारच्या रंगांत निघाला. १८३९ साली त्यांनी यावर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात चेहऱ्याचाही विचार केला. हिरव्या कापडाशेजारी फिकट त्वचेवर गुलाबी झाक दिसते. कापड बदलले की ती झाक जाते, त्वचा मात्र तीच असते. रंगभूषाकाराचे ज्ञान याच जातीचे. डोळ्यांखालच्या निळसर वर्तुळांवर नुसते उजळ फाउंडेशन थापले तर तो भाग राखाडी दिसतो, म्हणून आधी नारिंगी करेक्टरचा पातळ हात देतात. रंगचक्रात नारिंगी निळ्याच्या समोर येतो आणि दोन्ही रंग एकमेकांना मारतात. गव्हाळ त्वचेला पीच पुरतो, गडद सावळ्या त्वचेला गर्द नारिंगी लागतो.

न्याय-वैशेषिक दर्शनाचा अनुयायी इथे अडवील: रूप, म्हणजे रंग, हा द्रव्याचाच गुण आहे, आणि त्वचेतले मेलॅनिन काही शेजारच्या साडीने बदलत नाही. आक्षेप वजनदार आहे. मेलॅनिन आहेच, पण ते द्रव्य झाले. दुपारच्या उन्हात आणि पिवळ्या दिव्याखाली तेच मेलॅनिन दोन वेगळे रंग दाखवते. त्यांतला उन्हातला खरा म्हणायचा, हा आपण केलेला संकेत आहे.

मग काहीही फासले तरी चालेल का? नाही. खोटेपणा रंगात नसतो, दाव्यात असतो. नाट्यशास्त्राने रंगभूषेला आहार्य अभिनयात मानाचे स्थान दिले. कथकळीतला हिरव्या चेहऱ्याचा नायक कुणाला फसवत नाही, कारण तो रंग काय सांगतो हे प्रेक्षक जाणतो. जबड्याच्या कडेला लावून पाहून निवडलेली छटा त्या त्वचेलाच प्रमाण मानते. दोन छटा उजळ निवडलेले फाउंडेशन मात्र प्रमाण बाहेरून आणते, आणि त्या बाहेरच्या मापाची झडती घ्यायला हवी. लग्नाच्या जाहिरातीतला ‘गोरी’ हा शब्द कोणत्या उजेडात, कशाच्या शेजारी, हे कधीच सांगत नाही, तरी तो मुलीचा गुण म्हणून मोजला जातो. फसवणुकीचा आरोप लिपस्टिकच्या आधी या शब्दावर ठेवावा, असे मला वाटते.