पडद्यावरचा गुरू आणि आकाशातला गुरू

नाशिक महापालिकेच्या शाळांत डिजिटल वर्ग आले आहेत, बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आहेत, फेट (PhET) या संकेतस्थळावरची विज्ञानाची सिम्युलेशन्स मराठीतही मिळतात. विज्ञानाच्या तासाला ही साधने हवीत की नकोत, हा वाद आता संपल्यात जमा आहे. त्याच्याही मुळाशी असलेला प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही: पडद्यावरचा दिवा पेटताना पाहून मुलाला जे ज्ञान होते, ते कोणत्या प्रमाणाने, म्हणजे ज्ञानाच्या कोणत्या साधनाने? न्यायदर्शनाच्या मते प्रत्यक्षासाठी इंद्रियाचा त्या वस्तूशीच संबंध यावा लागतो. शब्दप्रमाण म्हणजे जाणत्या, विश्वासू माणसाचे सांगणे. सिम्युलेशनमध्ये डोळ्यांचा संबंध पडद्याशी येतो, विजेशी नाही. ओहमचा नियम प्रोग्राम लिहिणाऱ्यानेच आत घातलेला असतो, म्हणून दिवा त्या नियमाबरहुकूम पेटतो. हे शब्दप्रमाणच आहे. त्यात कमीपणा काही नाही, पाठ्यपुस्तकही तेच असते. पण पुस्तक वाचताना कुणीतरी सांगते आहे हे मुलाला ठाऊक असते. पडद्यापुढे ते म्हणते, ‘मी स्वतः पाहिले.’ माझा आक्षेप या गल्लतीला आहे. टेबलावरच्या परिपथात तारेचे टोक गंजलेले असते, सेल उतरलेला असतो, ॲमीटरचा काटा थरथरतो आणि आलेखावरचे बिंदू रेषेत बसायला तयार नसतात. आपले म्हणणे निसर्ग खोडून काढू शकतो, हे मूल तिथे शिकते.

यावर एक भक्कम उत्तर आहे. कोलोरॅडो विद्यापीठातल्या 2005 च्या अभ्यासात, परिपथांचा प्रयोग सिम्युलेशनवर केलेल्या विद्यार्थ्यांनी खरा परिपथ जोडण्यातही खऱ्या साहित्यावर प्रयोग केलेल्यांपेक्षा सरस कामगिरी केली. मला हा निष्कर्ष मान्य आहे. पण तिथेही शेवटची परीक्षा खऱ्या तारांचीच होती, आणि पडद्यावरची जोडणी विद्यार्थी स्वतः करत होते, नुसते बघत नव्हते. दुसरा आक्षेप असा की अणू कुणालाच डोळ्यांनी दिसत नाही. बरोबर, म्हणून तिथे चित्र दाखवावे, पण ज्या प्रयोगांवरून अणूचे अनुमान झाले तेही सांगावे. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याकडच्या एखाद्या शाळेत प्रयोगशाळाच नसेल, तर पडदा मोठा आधार ठरेल, हेही खरे. मात्र तोच पडदा परीक्षानळ्या आणि तारा न घेण्याचे कारण होऊ नये.

नाशिकच्या मुलांसमोर तर पडदा आणि प्रत्यक्ष यांच्या या प्रश्नाचे उत्तर आकाशातच येणार आहे. गुरू सिंह राशीत आला की इथे सिंहस्थ कुंभमेळा भरतो. गुरूची सूर्याभोवतीची फेरी सुमारे 11 वर्षे 10 महिन्यांची, म्हणून साधारण बारा वर्षांनी. 2026 च्या डिसेंबरात गुरू मघा ताऱ्याजवळ थांबेल आणि पुढचे काही महिने मागे सरकताना दिसेल. आधी सॉफ्टवेअरवर त्याचा मार्ग पाहावा, मग आठवड्यातून एकदा मघेच्या संदर्भाने त्याची जागा कागदावर टिपावी. शाळा रात्री कशी भरवायची, असे कुणी म्हणेल. पण ही नोंद घराच्या गच्चीवरून, साध्या डोळ्यांनी होते. कागद आणि पडदा जुळले नाहीत, तर मुलाने आधी आपली नोंद तपासावी, मात्र शिक्षकांनी त्याला ती खोडायला सांगू नये.