या डोंगरावर की यरुशलेमेत?



याकोबाच्या विहिरीवर शोमरोनी स्त्रीने प्रभू येशूला विचारले, देवाची उपासना या डोंगरावर करावी की यरुशलेमेत? (योहान ४). मुंबईत राहणाऱ्या आपल्याला हा प्रश्न रोज रस्त्यात भेटतो. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना होतो. तेथे आपल्याबरोबर अन्य धर्मांचे भाविकही मेणबत्त्या घेऊन रांगेत उभे असतात. त्याच माहीममध्ये शीतलादेवीचे मंदिर आहे आणि मखदूम अली माहिमी यांचा दर्गाही आहे. सप्टेंबरात वांद्र्याला मोत माउलीच्या जत्रेत कोणाला धर्म विचारला जात नाही. मशीद बंदरजवळ बेने इस्रायल बांधवांचे १७९६ साली स्थापन झालेले सिनेगॉग आहे. घरी मराठी बोलत आलेला हा समाज दाविदाची जी स्तोत्रे म्हणतो, तीच आपण मिस्सेत म्हणतो.

प्रभूने त्या स्त्रीला सांगितले की, पित्याला जागा नव्हे, तर आत्म्याने व सत्याने उपासना करणारे हवे आहेत. तारण कोठून येते हेही त्याने तिच्यापासून लपवले नाही. पण या सर्वांआधी त्याने तिच्याकडे पाणी मागितले. यहुदी आणि शोमरोनी एकमेकांशी व्यवहारही ठेवत नसत, तरीही!

२८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने हेच शिकवले. इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही. मात्र ख्रिस्त हाच मार्ग, ही घोषणाही ती थांबवत नाही. सर्व धर्म सारखेच म्हणून आपली श्रद्धा पातळ करणे म्हणजे आदर नव्हे.

१९९२-९३ च्या दंगलीत याच शहरात धर्म विचारून माणसे मारली गेली. असा द्वेष एका दिवसात उगवत नाही. घरात जेवताना दुसऱ्याच्या पूजेची, नमाजाची कुचेष्टा होते आणि मुले ती ऐकत असतात. बी तेथेच पडते.

नाताळात आपण शेजाऱ्यांकडे फराळाचे ताट पोहोचवतो. देणे सोपे असते. मागायला नम्रता लागते. म्हणून या आठवड्यात अन्य धर्माच्या एका शेजाऱ्याच्या घरी आपण जाऊया, त्याच्या हातचे पाणी पिऊया, त्याचे सुखदुःख ऐकूया आणि रात्रीच्या रोझरीत त्याचे नाव घेऊया.

विहिरीपाशी तहानलेला बसलेला प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.